न दिलेला साबण

“चोर बोललात ना मला? परत बोला. पोरांसमोर बोला. दार उघडंच आहे, गॅलरीत जाऊन बोला!”

ही आई. समोर पप्पा. मधे सतरंजीवर उलटी केलेली पिशवी आणि तिच्यातून पडलेला ढिगारा. आम्ही ट्रिपवरून आत्ताच आलो होतो. ताईच्या पायातले शूज पण निघाले नव्हते.

“चोर नाय बोललो,” पप्पा बोलले. “चोरी बोललो.”

“चोरी काय आपोआप झाली? मांजर करून गेलं?”

ढिगाऱ्यात काय होतं ते आधी सांगतो, नायतर तुम्हाला वाटेल आम्ही हॉटेलातून टीव्ही उचलून आणला. बोटाएवढ्या बाटल्या होत्या. शॅम्पूच्या, बॉडी लोशनच्या आणि कंडिशनरच्या. बिस्किटाएवढे साबण होते. दात घासायचे ब्रश, सोबत दोन वेळा पुरेल एवढी पेस्ट. दाढीचं सामान. कान साफ करायच्या काड्या. सुईदोऱ्याची पाकिटं, आत दोन बटणं फुकट. आणि शॉवर कॅप, ज्या आमच्या घरात आजपर्यंत कोणी डोक्यात घातल्या नव्हत्या. पावसात मोबाईलला घालायला बऱ्या, एवढंच मला सुचलं.

एवढं सगळं जमलं कसं? तर आईची सिस्टीम होती. सकाळी रूम साफ करणारा पोरगा यायच्या आधी ती बाथरूममधल्या बाटल्या पर्समध्ये टाकायची. पोरगा यायचा, बघायचा, बाटल्या नाय, नवीन ठेवायचा. दुसऱ्या दिवशी परत तेच. नंतर कळलं की तो पोरगा आईच्या माहेरचा, बुलढाण्याकडचा. मग तर काय, “घ्या ना मावशी, खूप पडून हायेत” करत त्याने ट्रॉलीतून मूठ मूठ दिली. आणि आम्ही अंघोळ कशाने करत होतो? घरून नेलेल्या लाल साबणाने. हॉटेलात आम्ही घरचा साबण वापरला आणि हॉटेलचा घरी आणला. आता घरी पण तो वापरायचा नाय, कारण पप्पा.

पप्पांचं सांगतो. पप्पा शिवडीला गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहेत. आख्ख्या नोकरीत तिथून एक खिळा घरी आणला नाय. हे मला कसं माहीत? भाजीत मीठ कमी पडलं की ते हेच सांगतात. शिवाय रविवारी सकाळी आमच्या चाळीच्या अंगणातल्या विहारात पंचशील तेच देतात, माईकवर. ते पुढे बोलतात, बाकीचे मागून. त्यातलं दुसरं शील म्हणजे अदिन्नादाना वेरमणी. मराठीत सांगायचं तर, न दिलेलं मी घेणार नाय. पप्पांचं हे एकदम फेवरेट शील. बाकीची चार ते नॉर्मल आवाजात बोलतात, ह्याच्यावर जरा ब्रेक मारून, खालपासून वरपर्यंत सगळ्या मजल्यांकडे बघत बोलतात. त्या टायमाला चाळीतल्या किती लोकांना आपल्या घरातली ऑफिसची पेनं आठवत असतील, ते त्यांचं त्यांना माहीत.

“लपवून मिळवलेली वस्तू दिलेली होत नाय,” पप्पा बोलले. “त्या पोराला वाटलं आपण वापरलं. फसवलंस तू त्याला.”

“त्याने स्वतः दिलं! हाताने!”

“त्याच्या बापाचं होतं का ते? मालकाचं होतं. जे आपलं नाय ते देता पण येत नाय आणि घेता पण येत नाय. ही सरळ चोरी आहे.”

आता तुम्हीच सांगा, हे सगळं हळू आवाजात पण बोलता आलं असतं की नाय? पण पप्पांना माईकची सवय. “चोरी” शब्द दारातून बाहेर पडला, गॅलरीतून फिरला, जिन्याने खाली गेला. शेजारच्या कमळाबाई चाळणीत गहू घेऊन बाहेर येऊन उभ्याच राहिल्या. आमची ट्रिप कशी झाली ते विचारायला आल्या होत्या बिचाऱ्या, असं त्या नंतर बोलल्या. ट्रिपचं त्यांनी अजूनपर्यंत विचारलेलं नाय.

आई एकदम गप्प झाली. आमच्या घरात आई ओरडत असेल तर टेन्शन नसतं. गप्प झाली की वाट लागली. तिने ढिगारा पिशवीत भरला, गाठ मारली, मोरीच्या कट्ट्यावर ठेवला आणि मला बोलली, “धम्मपाल, तुझ्या पप्पांना सांग. शब्द जिथे टाकला तिथेच परत घ्यायचा. गॅलरीत, सगळ्यांसमोर. तोपर्यंत मी विहारात पाय ठेवणार नाय आणि त्यांच्याशी बोलणार पण नाय.”

पप्पा तिच्यापासून दोन फुटांवर. मला बोलले, “आईला सांग, ही पिशवी घरात असेपर्यंत मी दुसरं शील कुठल्या तोंडाने देऊ? रविवारच्या आत गेली पाहिजे. जिथून आली तिथे.”

मी काय पोस्टमन आहे का? सटकली माझी. पण तेवढ्यात ताई मोरीत गेली आणि रडणं ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून बसली. ताई म्हणजे संघमित्रा, माझी मोठी बहीण. तिला ऑफिसात प्रमोशन भेटलं म्हणून तिने आम्हाला वेरूळ-अजिंठा दाखवलं, चांगल्या हॉटेलात ठेवलं. आईपप्पा लग्नानंतर पहिल्यांदा असे नुसते फिरायला गेले होते. लेण्यांसमोर दोघांचा फोटो काढला तर पप्पांनी आईच्या खांद्यावर हात ठेवलेला. तसं आमच्या खानदानात कोणी केलेलं नाय. आणि आता तो फोटो ताईच्या मोबाईलमध्ये, आणि ताई नळ सोडून मोरीत. म्हणून मी बोललो, ठीक आहे, मी बघतो.

“तूच बघ,” पप्पा बोलले. “तू रिकामाच आहेस.”

हे ऐकून घ्या. मी रिकामा नाय. शाळा सोडलीय, हे खरं. पण शाळा सोडलेला माणूस रिकामा असतो हे कोणी ठरवलं? मी सध्या विचार करतोय. विचार करणारा माणूस बाहेरून रिकामाच दिसतो.

संध्याकाळपर्यंत चाळीत सल्ला केंद्र उघडलं. पहिल्या कमळाबाई. त्या महिला मंडळाच्या जुन्या, सुत्तपठण पाठ. त्यांनी पिशवी उघडून बघितली आणि बोलल्या, “पयल्या दिवसाचं दिलेलं. दुसऱ्या दिवसापासूनचं न दिलेलं. पयल्या दिवसाचं ठेवा, बाकीचं परत करा.”

“पहिल्या दिवसाचं कुठलं ते कसं ओळखायचं?” मी विचारलं.

त्यांनी एक साबण नाकाला लावला, बराच वेळ हुंगला आणि बोलल्या, “हा पयल्या दिवसाचा.” आणि पदरात टाकला. पप्पांनी तो पदरातून परत मागितला. कमळाबाई दोन दिवस आमच्या नळाला पाणी भरायला आल्या नाय.

मग रूपर्ट अंकल. हे समोरच्या बिल्डिंगमधले. जन्मभर जहाजावर स्टुअर्ड होते, आता खिडकीत बसून आमची चाळ बघतात. पप्पांचे कॅरमचे पार्टनर.

“बघ मॅन,” ते बोलले, “इंटरनॅशनल रूल आहे. जे भिंतीला स्क्रूने फिट आहे ते हॉटेलचं. बाकी तुझं. माझं जहाज भंगारात गेलं, तोडून विकलं, पण त्याचे साबण अजून माझ्या बायकोच्या, फ्लॉरेन्सच्या कपाटात आहेत.”

“तुम्हाला काय वाटत नाय?” पप्पा चिडून बोलले.

“वाटतं ना. वाटलं की चर्चमध्ये जायचं, फादरला सांगायचं, मोकळं व्हायचं. तुमच्यात ती सोय नाय. तुमची सिस्टीम लय टाइट आहे, मॅन. तुमचा हिशेब तुम्हालाच ठेवायला लागतो.”

पप्पांना हे कौतुक वाटलं. त्यांनी मान डोलावली आणि त्यांचा निर्णय अजूनच पक्का झाला. अंकलना मी मनातल्या मनात काय बोललो ते इथे सांगत नाय.

दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन निघालो. हिंदमाताजवळ कुरियरचं दुकान आहे, तिथे काउंटरवर माझा दोस्त विकास बसतो. म्हटलं आपला माणूस आहे, दोन मिनिटांचं काम.

“काय आहे आत?” विकास बोलला. काउंटरमागे बसला की तो दोस्त नसतो.

“साबण.”

“अजून?”

“शॅम्पू.”

“लिक्विड नाय चालत.”

“घट्ट आहे रे शॅम्पू.”

“घट्ट लिक्विड पण नाय चालत. अजून काय?”

“ब्लेड.”

विकासने माझ्याकडे बघितलं. “ब्लेड, लिक्विड आणि पत्ता हॉटेलचा. धम्या, तुझं काय भांडण झालंय का हॉटेलवाल्याशी?”

“अरे त्यांचंच सामान परत करतोय!”

“का? खराब आहे?”

“नाय. चांगलं आहे.”

“मग?”

आता ह्याला पंचशील काउंटरवर कसं समजवू? मागे लाइनमध्ये साड्यांचे गठ्ठे घेऊन बायका उभ्या. मी बोललो, “प्रामाणिकपणा म्हणून परत करतोय.” विकास बोलला, “कॉम्प्युटरमध्ये तसं ऑप्शन नाय. गिफ्ट आहे, डॉक्युमेंट आहे, सॅम्पल आहे. प्रामाणिकपणा नाय.” मागची एक बाई हसली. माझी सटकली. मी बोललो, लीक होत नाय म्हणतो ना, हे बघ, आणि पिशवी उचलून वजनकाट्यावर आपटली.

बॉडी लोशनचं मला माहीत नव्हतं. शॅम्पू सज्जन असतो, हळूहळू गळतो. लोशन एकदम उडतं. काट्यावर, विकासच्या शर्टावर, एका गठ्ठ्याच्या कोपऱ्यावर आणि माझ्या भुवईवर. काट्याचा आकडा थोडा वेळ पळाला आणि मग दमून बंद पडला. विकासचा शेठ आतून बाहेर आला. पुढचं बोलणं सांगण्यासारखं नाय. फक्त एवढं सांगतो की साडीचा गठ्ठा मी स्वतः पुसून दिला आणि त्या बाईने वास घेऊन विचारलं, “कुठलं रे लोशन? छान आहे.”

विकास मला दारापर्यंत सोडायला आला. बाहेर आला की परत दोस्त. बोलला, “हॉटेलचं बुकिंग ऑफिस असेल ना मुंबईत? तिथे टाकून ये ना थेट.” मोबाईलमध्ये बघितलं तर खरंच होतं, गिरगावात. हे मला आधी का सुचलं नाय? कारण मला विचार करायला वेळच देत नाय कोणी.

बसने गेलो. मांडीवर पिशवी, पिशवीतून थेंब थेंब. माझ्या बाजूचा माणूस आधी सरकला, मग नाक वर करून हुंगला, मग परत जवळ आला. चर्नी रोड येईपर्यंत आख्ख्या बसला अंघोळ केल्यासारखं वाटत असणार.

ऑफिस जुन्या बिल्डिंगमध्ये, वरच्या मजल्यावर. खाली वॉचमन. माझा शर्ट, पिशवी आणि वास बघून बोलला, “सेल्समनने जिन्याने जायचं.”

“मी सेल्समन नाय. मी गेस्ट आहे,” मी बोललो. “तुमच्या हॉटेलात राहिलोय. पंखा लावायला रिमोट होता आमच्या रूममध्ये.”

“मग गेस्टने पण जिन्याने जायचं. लिफ्ट बंद आहे.”

वर काचेच्या मागे एक मॅडम. नावाची पट्टी होती, प्रिती. माझ्याकडे बघून तिने हसून विचारलं, “बोला सर, काय मदत करू?”

सर! मला आजपर्यंत सर कोणी बोललेलं नाय. मी तयार करून आणलेलं भांडण तिथल्या तिथे विरघळलं. मी सगळं सांगितलं. पिशवी, आई, तो बुलढाण्याचा पोरगा (त्याचं नाव नाय सांगितलं, त्याची नोकरी जायची), दुसरं शील, रविवार. तिने मधे एकदा पण थांबवलं नाय. मग बोलली, “सर, बाटल्या, साबण, ब्रश हे सगळं गेस्टचंच असतं. रोज नवीन ठेवतो ते नेण्यासाठीच.”

“लपवून नेलं तरी?”

“सर, सगळेच लपवून नेतात. लपवायची गरज नसते, पण लपवतात.”

“म्हणजे दिलेलं?”

“दिलेलं. हंड्रेड पर्सेंट.”

मला काचेवरून उडी मारून तिच्या पाया पडावंसं वाटलं. आई सुटली! मी पिशवी उचलली, वळलो, आणि मागून ती बोलली, “एक मिनिट सर. रूम नंबर काय बोललात? तुमच्या रूमवर रिमार्क दिसतोय.” तिने कॉम्प्युटरमध्ये बघितलं. “बेडजवळच्या ड्रॉवरमधलं पुस्तक मिसिंग आहे. बुद्धांच्या उपदेशाचं. परदेशी गेस्ट येतात ना लेणी बघायला, म्हणून ठेवलेलं असतं. ते मात्र रूमचं असतं, सर. ते न्यायचं नसतं.”

हे घ्या. माझा सर उतरला आणि मी परत धम्या झालो.

“मॅडम, तोंड सांभाळून!” मी बोललो. “आम्ही पुस्तक चोरलं? मी शाळा सोडलीय मॅडम! आख्ख्या घरात पुस्तक दिसलं की मी दुसऱ्या खोलीत जातो. आई मराठी पेपर पण चष्मा सापडला तर वाचते. ताईला ऑफिसातनं टाइम नाय. आमच्या घरात पुस्तक उचलणारं आहे कोण?”

आणि बोलता बोलता मी थांबलो. एक माणूस होता.

परळला परत येऊन मी घरी गेलोच नाय, सरळ विहारात गेलो. दुपारी तिथे कोणी नसतं. पप्पांची सेकंड शिफ्ट होती, निघायच्या आधी ते वाचनालयाच्या कपाटाजवळ बसले होते. मांडीवर एक जाड पुस्तक, खाकी कव्हर घातलेलं. त्यांच्या हातात डिंक.

“ड्रॉवरमधलं आहे ना ते?” मी बोललो.

पप्पांनी वर बघितलं. बोलले, “तू बघितलंस? अरे केवढं मोठं हॉटेल, आणि त्यांनी बुद्धाचं वचन ठेवलंय. मला भरून आलं. मी हात जोडले, आपल्या घरच्या टॉवेलमध्ये गुंडाळलं आणि आणलं. धम्माचं पुस्तक ठेवतात ते लोकांनी न्यावं म्हणूनच. ते धम्मदान असतं.”

“आई पण साबणाबद्दल हेच बोलत होती.”

“साबण आणि हे एक आहे का?”

“नाय ना. मी विचारून आलोय. साबण दिलेला आहे. हे न दिलेलं आहे.”

मी एवढं शांतपणे आयुष्यात बोललो नव्हतो. पप्पांनी पुस्तकाकडे बघितलं. मग हळूच पहिलं पान उघडून मला दाखवलं. पानावर जांभळा, गोल, मोठ्ठा शिक्का. आमच्या विहाराच्या वाचनालयाचा. एक नाय, पप्पा कुठलं पण काम अर्धवट करत नाय, मधल्या पानांवर पण आणि शेवटच्या पानावर पण.

मला वाटलं होतं मी ओरडेन. येताना बसमध्ये वाक्यं पण तयार केलेली, एकसे एक. पण पप्पांच्या अंगठ्याला डिंक लागलेला, आणि ते तो दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने काढत होते, तर तो दोन्ही अंगठ्यांना लागला.

“आईला सांगू नको,” पप्पा बोलले.

पप्पांनी मला आजपर्यंत ऑर्डर दिलीय, टोमणा दिलाय, कधीतरी एक ठेवून पण दिलीय. विनंती पहिल्यांदाच केली. मी बोललो, “मी नाय सांगणार. पण रविवारी दुसरं शील तुम्हालाच द्यायचंय.”

घरी गेलो, पिशवी कट्ट्यावर ठेवली. आईला बोललो, ऑफिसवाले बोलले हे दिलेलं आहे, आपलंच आहे. मला वाटलं ती खूश होईल. तिने माझ्या शर्टावरचं लोशन बघितलं आणि बोलली, “मला माहीत होतं. मला ऑफिसकडून ऐकायचं नाय.”

ते पण बरोबर.

मधले दिवस घरात माझी नुसती नेआण चालू. “पप्पांना सांग आमटी गरम आहे.” “आईला सांग टॉवेल कुठंय.” ताईने एकदा वैतागून दोघांना एका व्हॉट्सअप ग्रुपमध्ये टाकलं, तर आईने ग्रुप सोडला. कमळाबाईंनी शेजाऱ्यांमध्ये जाहीर केलं की पप्पांनी रविवारी शब्द परत घेतला नाय तर महिला मंडळ पण वंदनेला बसणार नाय. त्यांना स्वतःचा साबण अजून आठवत होता, असं माझं मत आहे.

रविवार उजाडला. पप्पा पांढरे कपडे घालून, केस ओले करून खाली गेले. आई गॅलरीत तुरीच्या शेंगा सोलत बसली, पाठ विहाराकडे करून. पण स्पीकर आमच्याच मजल्याच्या खांबाला लावलाय, त्यामुळे पाठ फिरवून काय फायदा नसतो. मी कठड्याला टेकून खाली बघत होतो. विहारात बायकांची बाजू मोकळी. दारात चपला नेहमीच्या अर्ध्या.

वंदना सुरू झाली. सगळं नेहमीसारखं. पहिलं शील झालं, लोक मागून बोलले. मग पप्पा बोलले, “अदिन्ना...”

आणि थांबले.

पहिल्यांदा कोणाला काय वाटलं नाय. ते इथे ब्रेक मारतातच. पण ब्रेक लागला तो लागलाच. स्पीकरमधून नुसता पंख्याचा आवाज. कोणीतरी खोकलं. समोरच्या खिडकीतून रूपर्ट अंकल ओरडले, “काय झालं मॅन, लाइट गेली?” गॅलऱ्यांमध्ये माणसं गोळा झाली. कमळाबाई हातात दात घासायचा ब्रश घेऊन तशाच बाहेर. आईचे हात शेंगांमध्ये थांबले.

मग पप्पांचा आवाज आला. कोणाची चावी सापडली, किंवा उद्या पाणी येणार नाय, असं सांगताना ते जो आवाज काढतात तो.

“एक सूचना आहे. वरच्या गॅलरीत मी माझ्या घरच्यांबद्दल एक शब्द वापरला होता. तो शब्द मी परत घेतो. साबण आणि बाटल्या दिलेल्या होत्या. हॉटेलातून न दिलेली वस्तू एकच आली, ती मी आणली. पुस्तक आहे. वाचनालयात कोणी घेतलं असेल तर... कोणी घेतलेलं नाय, कपाटातच आहे. ते मी परत करणार आहे. सूचना संपली.”

पण सूचना संपली आणि पुढचं काय येईना. पप्पांना दुसरं शील आठवत नव्हतं असं नाय. तोंडातून निघत नव्हतं.

आई उठली. मांडीवरची टरफलं झटकली, पदर खोचला, कठड्यापाशी आली आणि वरूनच, माईकबिईक काय नाय, खणखणीत आवाजात दुसरं शील बोलली. पूर्ण. ब्रेक न मारता. खाली एक सेकंद कोणाला कळेना की मागून बोलायचं की वर बघायचं. मग सगळे एकदम बोलले, खालचे पण, गॅलऱ्यांमधले पण. कमळाबाई तर तोंडात पेस्ट असून बोलल्या. तिसरं शील पप्पांनी धरलं आणि गाडी परत रुळावर आली.

वंदना संपल्यावर पप्पा वर आले. आई बोलली, “चहा ठेवू का?” थेट त्यांना. मी मधे नाय. ताईने मला एवढ्या जोरात चिमटा काढला की अजून निशाण आहे.

चहा पिताना पप्पांनी शेवटी ते विचारलं जे पहिल्याच संध्याकाळी विचारायला पाहिजे होतं. “पण तू एवढं सगळं जमवलंस कशाला? तू तर वापरत पण नाय.”

“विचारलं असतं तर सांगितलं असतं,” आई बोलली. “सहा डिसेंबरला चैत्यभूमीला यायला आपल्याकडे किती माणसं उतरतात? माझ्या माहेरची, तुमच्या गावची, त्यांच्या ओळखीची. मोरीत एक साबण. पहिला माणूस जाड साबणाने धुतो, शेवटच्याच्या हातात नुसती पापडी. मागच्या वेळी माझ्या आत्याने माझ्याच घरात मीठ लावून दात घासले, कोणाला पेस्ट मागायला लाजली. म्हटलं, ह्या वर्षी प्रत्येकाच्या हातात त्याचं त्याचं.”

पप्पांनी कप खाली ठेवला. उठून दाराला लावलेला शर्ट घातला आणि पुस्तक घेऊन सरळ गिरगावला निघाले, रविवार असून. ऑफिस बंद होतं. सोमवारी परत गेले. प्रिती मॅडमने खाकी कव्हर, आतले शिक्के सगळं बघितलं आणि बोलली, “सॉरी सर, इथे आम्ही बुक घेत नाही, फक्त बुकिंग घेतो.” मग विकासच्या कुरियरने पाठवलं. पुस्तक लिक्विड नसल्यामुळे गेलं. शिक्क्यासकट. पप्पा आता बोलतात की बरंच झालं, कोणीतरी परदेशी माणूस ते उघडेल आणि त्याला कळेल की परळला पण विहार आहे, वाचनालय आहे. बोलू दे. एवढं तर पाहिजेच त्यांना.

आज पाच तारीख. सकाळपासून माणसं येतायत. गॅलरीत सतरंज्या, जिन्यात पिशव्या, गॅसवर एवढं मोठं पातेलं की ते उतरवायला मी आणि विकास दोघं लागतो. आणि आमच्या दारात पप्पा उभे, खांद्याला आईची पिशवी. येणाऱ्या प्रत्येकाला दोन्ही हातांनी एक साबण, एक ब्रश, एक ट्यूब, एक बाटली देतात आणि मोठ्याने बोलतात, “हे मी देतोय. दिलेलं आहे. घ्या.” समोरचा बिचारा रात्रभर प्रवास करून आलेला, त्याला कळत नाय हा माणूस असं का बोलतोय. तो पण घाबरून बोलतो, “घेतलं.” आई आतून ओरडते, “अहो, शॉवर कॅप पण द्या!” रूपर्ट अंकलनी समोरून जहाजाचे साबण पाठवलेत, त्यांना अजून थोडा वास आहे. कमळाबाईंना पप्पांनी सगळ्यात पहिला साबण दिला, हात जोडून. त्यांनी तो हुंगला आणि बोलल्या, “हा दुसऱ्या दिवसाचा.”

फक्त एक लफडं झालंय. बाटल्यांवर आणि ट्यूबांवर सगळं इंग्लिशमध्ये, आणि अक्षर मुंगीएवढं. एका मामांनी विचारलं की कंडिशनर एसीत कुठून ओततात. आणि आत्ता मोरीतून आईच्या आत्याचे मिस्टर ओरडतायत, की पेस्टला चवच नाय, आणि फेस तोंडातून थांबत नाय. मला वाटतं त्यांनी दाढीचं क्रीम लावलंय. “धम्याऽऽ!” आलो, आलो! मी निघतो आता, ते गिळायच्या आत पोचलं पाहिजे.